साम्लीचं नाव

सकाळचे आठ वाजले आणि होडीच्या धक्क्यावरची सगळी माणसं, आमच्या देशात रोज थांबतात तशी, होती तिथे थांबली. देवळामागे एक शाळा आहे, तिच्या कर्ण्यावरून राष्ट्रगीत येतं आणि पाण्यावरून ते फार लांबपर्यंत ऐकू जातं. कॉफीवाला बर्फाचा डबा उघडा ठेवून उभा राहिला. होडीची दोरी सोडणारा माणूस दोरी हातात घेऊन उभा राहिला. मीही राहिले. सव्वीस वर्षं मी या वेळेला आठशे मुलींना सरळ उभं करत आलेय, त्यामुळे माझे पाय मला न विचारताच जुळतात. मान वर केली तर समोर, त्याच तरंगत्या फळ्यांवर, पाच-सहा माणसांपलीकडे साम्ली उभी होती. माझ्या वर्गातल्या कन्निकाची आई. हातात कापडाचं गाठोडं, पायात नवे बूट, आणि केस इतके चापूनचोपून बसवलेले की मी आधी तिला ओळखलंच नाही. एरवी मी सरळ मागे फिरले असते, विसरलेलं काहीतरी आठवल्यासारखं करून. पण राष्ट्रगीत चालू असताना चालू लागलेली बाई सगळ्यांना दिसते. म्हणून एका बाजूला ती, एका बाजूला मी, पायाखाली फळ्या हलताहेत आणि लांबून कुठल्यातरी पोरी बेसूर गाताहेत.

माझ्या पिशवीत भाषण होतं. नदीच्या वरच्या अंगाला शिक्षण खात्याचं कार्यालय आहे, तिथे आज चाळीस शाळांच्या शिक्षकांची कार्यशाळा होती आणि विषय होता ‘शाळेतली हिंसा: कारणं आणि उपाय’. मला बोलावलं होतं, कारण आमच्या शाळेत ते घडलं होतं, आणि कारण मी चांगलं बोलते. लोकांना हसवते. मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, विषय जड आहे बाई, तुम्हीच हलका करा. मी सहा कारणं काढली होती. मोबाइल, मोबाइलवरचे खेळ, कामाच्या मागे धावणारे पालक, गावाकडून आलेल्या मुलांना न मानवणारं शहर, असं करत करत पाचव्या जागी ‘मुलामुलांतली चेष्टा’. सहावं आता आठवत नाही. ती चेष्टा मुलांना शिकवली कुणी, हे त्यात कुठेच नव्हतं. तीन रात्री बसून मी ते भाषण लिहिलं आणि माझ्या हातून तेवढंच बरोबर राहून गेलं.

आणि आज निकाल आहे हेही मला माहीत होतं. मुलांच्या न्यायालयाची इमारत खालच्या अंगाला, म्हणजे मला जायचं त्याच्या बरोबर उलट. कन्निकाचं काम बघणारी एक तरुण वकील आहे, तिनं मला तीनदा फोन केला. दोनदा मी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर ती म्हणाली, “बाई, कोर्टाला वाटतंय की हिनं कारण नसताना हात उचलला. वर्गातल्या मुली म्हणतात, आम्ही तर नुसती हाक मारायचो. मुलगी स्वतः काही बोलत नाही. हे कुठून सुरू झालं ते शाळेतल्या कुणी मोठ्या माणसानं येऊन सांगितलं तर सुधारगृहात चार वर्षांच्या ऐवजी एक होऊ शकेल. निकालाच्या दिवशी सकाळी आलात तरी ऐकून घेतील.” मी म्हणाले, “मला खरंच काही कल्पना नाही हो.” इतक्या गोड आवाजात म्हणाले की तीच मला धन्यवाद म्हणाली.

कल्पना नसायला काय झालं? आमच्याकडे शाळेत पोरं आईबापाचं नाव जिवापाड लपवतात. दाखला उघडा ठेवून कुणी पाणी प्यायला गेला की संपलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही, बापाच्या नावानं मारतात, आणि पुढे पाच-सहा वर्षं त्याची सुटका नसते. माझ्या वडिलांचं नाव बुन्मी. कालव्यातला गाळ उपसायचे. मला सगळी शाळा बुन्मी म्हणायची. “ए बुन्मी, अंगाला वास येतोय, गाळातून आलीस का?” आधी मी रडले, मग एकीचे केस उपटले, मग हसायला शिकले, आणि हसायला शिकले म्हणून आयुष्यात तरले, असं मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते. ती गोष्ट सांगून सांगून इतकी गुळगुळीत झालीय की मलाही खरी वाटते. जे सांगत नाही ते असं, की वडील एकदा माझी विसरलेली छत्री द्यायला फाटकापाशी आले होते आणि मी त्यांना ओळख दिली नाही. शिपाई म्हणाला, तुझे वडील का गं? मी म्हणाले, नाही. ते छत्री भिंतीला टेकवून निघून गेले. या गोष्टीवर कुणी हसलं नसतं, म्हणून मी ती कधी सांगितली नाही.

कन्निकाच्या घरी मी गेले होते मे महिन्यात. वर्गशिक्षिकेनं प्रत्येक मुलीच्या घरी एकदा जायचं, अर्ज भरायचा, घरच्यांबरोबर फोटो काढायचा, असा नियमच आहे. सरकारी दवाखान्यामागे तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, दाराशी पपईचा ढीग आणि मोठं उखळ. साम्ली दवाखान्याच्या फाटकावर गाडी लावते, कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर विकते. देशाच्या ईशान्य भागातून शहरात आलेल्या सगळ्या बायका करतात तशी. मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवून ती जमिनीवर बसली, हात जोडून. म्हणाली, “बाई, तुमी म्हंजे हिची दुसरी आई. चुकली तर मारा. म्या काय बोलनार न्हाई, आन तिलाबी सांगून ठिवलंय, बाईंच्या म्होरं तोंड उघडायचं न्हाई.” आईचं नाव काय, मी विचारलं. ती तोंडावर हात धरून हसली. “साम्ली. लई जुनं नाव हाय, बाई. आता कोन ठिवतंय?” साम्ली म्हणजे कापूस. मी ते लिहीत होते तेव्हा कन्निका भिंतीला पाठ लावून माझ्या पेनाकडे बघत होती. मी जिना उतरायला लागले तशी मागून पळत आली. सावळी, उंच, कामापुरतं बोलणारी पोर. म्हणाली, “बाई, ते आईचं नाव... वर्गात नाही ना कळणार?” मी तिच्या डोक्यावर टपली मारली. “वेडी आहेस का? मी कशाला सांगेन?”

तीन आठवडे मी सांगितलं नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं.

मग तो सोमवार. केस कानाच्या पाळीखाली दोन बोटं, त्याच्यापुढे नाही, हा आमच्या शाळेचा नियम. वरून नियम सैल करायचं पत्र आलं होतं, मुख्याध्यापिकाबाईंनी ते फायलीत लावलं आणि मला म्हणाल्या, आपली शाळा जुनी आहे, आपली शिस्तही जुनी. शिस्तीचं खातं माझ्याकडे. माझ्या खणात एक लांब कात्री असते, काळ्या दांड्याची. त्या दिवशी रांगेतून सात जणी बाहेर काढल्या, त्यात कन्निका. सहा जणी रडल्या, हात जोडले, “बाई, उद्या कापून येते बाई,” म्हणाल्या, आणि मी त्यांना जरा जरा कापून सोडून दिलं. कन्निका रडली नाही. नुसती उभी राहिली. मी डाव्या बाजूचे केस धरले आणि कानाच्या वरपर्यंत उडवले, कानशिलाची कातडी दिसेपर्यंत. तरी ती गप्पच. त्या गप्प राहण्याचा मला राग आला, हे मी आज कबूल करते. आठशे मुली बघत होत्या आणि कुणीच हसत नव्हतं. मला ती शांतता सोसवेना. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दुसरी बाजू आता साम्लीकडून करून घे हो. पपई किसतेच आहे, केसही किसेल.” क्षणभर कुणाला कळलं नाही. पुढच्या रांगेतून कन्निकाच्याच वर्गातल्या मनीरतनं विचारलं, “बाई, साम्ली कोण?” मी म्हणाले, “कोण म्हणजे? हिच्या मातोश्री.” आणि हशा फुटला. तो मागच्या रांगांपर्यंत गेला, शिक्षकांतही गेला. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर छानच वाटलं. कन्निकानं माझ्याकडे एकदा बघितलं. राग नव्हता त्यात. जिन्यावर मी काय म्हणाले होते ते तिला आठवलं असावं, आणि मला आठवतंय का हे ती बघत होती.

पुढचं काही मी शिकवलं नाही, पण शिकवायची गरजच उरली नव्हती. “साम्ली, दोन बशा, एकीत तिखट कमी.” “ए कापूस, इतका काळा कसा गं? उन्हात वाळत घातला होता का?” तिच्या बाकात पपईच्या साली. वहीवर तिचं नाव खोडून आईचं. तिच्या आईच्या गावाकडच्या बोलीची नक्कल तर वर्गात गाण्यासारखी चालायची. एकदा ती शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. “बाई, मला साम्ली म्हणतात.” मी वह्या तपासत होते. “मग? वाईट नाव आहे का ते? आईचंच आहे ना? मला बुन्मी म्हणायचे. तू हस, म्हणजे आपोआप थांबतील.” दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून जाताना बघितलं, ती हसत होती. ओठ मिटून, मान हलवून, कुणी शिकवलेलं काम करावं तसं. मला वाटलं, शहाणी आहे पोर, ऐकते. मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर मी एकदा घातलंही होतं. त्या म्हणाल्या, “पोरींची थट्टा ती. आपण काय कमी सोसली?” आणि आम्ही दोघींनी आपापल्या बापांची नावं सांगून हसून घेतलं.

गुरुवंदनेच्या समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक वर्ग आपापल्या बाईंसाठी फुलांचं ताट करतो. केळीची पानं, टाचण्या, दूर्वा, वांग्याची फुलं, आणि प्रत्येकीच्या हातात कात्री. मी व्हरांड्यात होते. आतून मनीरतचा आवाज आला, माझ्यासारखाच खणखणीत, “साम्ली, बाईंचं ताट नीट कर गं, नाहीतर बाई परत भादरतील.” सगळ्या हसल्या. मग ते हसणं तुटलं. मी आत धावले. मनीरत खाली बसली होती, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि कन्निका तिच्यासमोर उभी, ओठ मिटून. मी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? कन्निकाच्या हातातली कात्री. दांडा नारिंगी होता. म्हणजे वर्गातली होती, माझ्या खणातली नव्हती. बरं झालं, असं माझ्या मनात आलं. पोरीचा डोळा गेला होता आणि माझ्या मनात आलं, बरं झालं.

मनीरतला बघायला दवाखान्यात गेले, संत्री घेऊन. तिचा डावा डोळा कायमचा गेला. चौदा वर्षांची पोर, पट्टीखालून तिनं मला जे विचारलं त्यात नाटक नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. “बाई, मी काय वेगळं केलं? मी तर तुमच्यासारखीच म्हणायचे. तुम्ही म्हणालात तेव्हा तिनं काहीच केलं नाही.” तिची आई डबा धुवायला बाहेर गेली होती. मी पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, बोलू नकोस, ताण पडेल. चौकशीला आलेल्यांनी मला एक कागद दिला होता, त्यात लिहायचं होतं की मुलीला त्रास होत असल्याची पूर्वकल्पना होती का. मी लिहिलं, नव्हती. त्याखाली सही केली, आणि वळणदार केली.

राष्ट्रगीत संपलं. माणसं जिथे थांबली होती तिथून पुन्हा चालू झाली. कॉफीवाल्यानं बर्फ ओतला. माझी होडी आधी आली, वरच्या अंगाला जाणारी. दोरीवाला ओरडला, चला चला, पाय उचला. मी पाय उचललाही होता. “बाई,” मागून हाक आली. मी थांबले. भलेपणानं थांबले असं कुणी समजू नये. सव्वीस वर्षं त्या हाकेला वळायची सवय, म्हणून थांबले. होडी गेली.

साम्ली गाठोडं काखेत मारून दोन्ही हात जोडून उभी होती, कपाळापर्यंत नेलेले, शिक्षकाला जोडतात तसे. “तुमीच न्हवं? मला वाटलंच. गानं चालू व्हतं म्हनून हाक न्हाई मारली. आज निकाल हाय, बाई. पोरीला चिकट भात आन वाळकं मटण घिऊन चाललेय. भ्येटू दिलं तर दीन.”

मी म्हणाले, “हो. ऐकलं मी.”

“घाई नसंल तर एक इचारू?” तिनं हात खाली केले नव्हते. “मला सारखं वाटतंय बाई, माझ्यामुळंच झालं ह्ये. येक डाव पोरगी डबा इसरली व्हती, म्या द्यायला आले. फाटकावर शिपायानं वहीत नाव लिव्हायला लावलं. मला लिव्हता येत न्हाई पटापटा, त्यानंच मोठ्यानं इचारून लिव्हलं. तवाच ऐकलं आसंल कुनीतरी. आसंच झालं आसंल ना?”

ती पुढे म्हणाली, “पोरीला इचारलं, पैल्यांदा कोन म्हनलं गं? तर म्हनती आठवत न्हाई. वकीलबाईनं इचारलं, तरी आठवत न्हाई. पोरीला सगळं आठवतं बाई, ल्हानपनापासनं. ह्येच कसं आठवत न्हाई?” मग जरा लाजून तिनं पदराशी चाळा केल्यासारखी गाठोड्याची गाठ फिरवली. “म्या नाव बदललं. कचेरीत जाऊन. देवळातल्या भंतेंनी जल्माचा वार बघून काढून दिलं. थनन्या. कार्डावर आलंय. पोरगी सुटून यील तवा तिला चिडवायला कुनाकडं काय नगं. पन जीभ वळत न्हाई बाई माजी. येक्केचाळीस वरसं साम्ली व्हते.”

तेव्हा मला कळलं, पोरगी का बोलत नाही. आईनंच सांगून ठेवलं होतं, बाईंच्या म्होरं तोंड उघडायचं न्हाई. आठ महिने ती बंद दाराआड बसून ते पाळत होती, आणि मी तिला दिलेला एक शब्द मला तीन आठवडे पाळता आला होता. आणि ही समोर, डबा पोचवल्याबद्दल स्वतःला दोष देत, स्वतःचं नाव टाकून आलेली. माझी छत्री भिंतीला टेकवून गेलेले वडील मला दिसले.

“फाटकावरून नाही कळलं,” मी म्हणाले. “मी सांगितलं.”

ती हसली. मोठ्या माणसाचं बोलणं कळलं नाही की हसतात तसं. मी पुन्हा सांगितलं. कात्री, सोमवार, रांगा, सगळं. तिला खरं वाटावं म्हणून मी म्हणाले होते तसंच म्हणून दाखवलं, दुसरी बाजू साम्लीकडून करून घे, पपई किसतेच आहे. मधलं थांबणंही तसंच आलं. शेजारी उभा असलेला एक पोरगेला शिपाई ऐकत होता, तो फिसकन हसला. आठ महिन्यांनी, या धक्क्यावरसुद्धा त्या वाक्यावर हशा मिळत होता.

साम्लीनं हात सोडले. एकदम नाही. आधी बोटं सुटली, मग तळवे, मग ते दोन्ही हात खाली गाठोड्यावर आले. आमच्याकडे शिक्षकाला जोडलेले हात असे कुणी काढून घेत नाही. माझ्या आयुष्यात हे कुणी केलं नव्हतं. तिनं पाण्याकडे तोंड वळवलं. मला वाटलं शिवी देईल, रडेल, काहीतरी करेल म्हणजे माझी सुटका होईल. तिनं काही केलं नाही. कन्निकाचं गप्प राहणं कुठून आलं ते मला तेव्हा दिसलं.

खालच्या अंगाला जाणारी होडी लागली. “साडेनवाला आत बोलावत्यात,” ती म्हणाली. “चला.” बाई म्हणाली नाही. मी चढले. भाषणाची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि ती पुढच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून. वाटेत फोन दोनदा वाजला, कार्यालयातून असणार. मी उचलला नाही, यावेळी वेगळ्या कारणानं. एकदा असंही मनात आलं की पुढच्या धक्क्यावर उतरावं. धक्का आला, फळीला होडी लागली, माणसं उतरली. साम्लीनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ती माझ्यावर नजर ठेवून बसली असती तर मी उतरले असते.

न्यायालयाच्या फाटकावर टेबल, टेबलावर वही. पहारेकऱ्यानं वर न बघता विचारलं, “नाव?”

“साम्ली.”

त्यानं कार्ड बघितलं. “इथं तर दुसरंच आहे, मावशी.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. साम्ली लिव्हा.” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाकावर बसलेले दोघे-तिघे वळले. ती हलली नाही. त्यानं खांदे उडवले आणि लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तुमचं?”

सव्वीस वर्षांत मला कुणी नाव विचारलं नव्हतं. बाई म्हटलं की पुरायचं. “सायसुनी,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोला. ऐकू आलं नाही.”

साम्ली बाजूला उभी राहून वहीकडे बघत होती, त्याच्या पेनाकडे. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. वडिलांचंही सांगितलं.